चेहऱ्याखालचं नाव

मनीषाचा, म्हणजे आक्काच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी बेलापूरच्या बाजारात होतो. "मामा, आई गेल्या," एवढंच ती बोलली. मला रडू आलं नाही, आधी भीती वाटली. शेवटी जवळ बसलेल्यांना तिने ओळखलं असेल का... महिना होत आला, अजून ते विचारायचं धाडस झालेलं नाही.

माझी ही थोरली बहीण पाथर्डीत फोटो स्टुडिओ चालवायची. दाजी अकाली गेले आणि तिने त्यांचा कॅमेरा हाती घेतला. लग्नं, बारशी, ऊसतोडीला निघालेली जोडपी. "लांब चाललाय, एक फोटू असू द्या घरी," म्हणायची. एकदा फोटो काढलेला माणूस कित्येक वर्षांनी भेटला तरी ती नावाने हाक मारायची. पुढे केडगावला मुलाकडे राहायला आली आणि तीच नावं निसटू लागली. डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला. मग सगळे फोटो तिने संगणकात घालून घेतले. त्यातल्या फोटोंच्या अ‍ॅपमध्ये तेव्हा चेहऱ्याला नाव देता यायचं, आणि त्या माणसाचे सगळे फोटो एका जागी जमायचे. रोज सकाळी ती चेहरे ओळखत बसे; अडलं की मला फोन करून माणसाचं वर्णन सांगी. मी म्हणालो, फोटोंच्या मागे लिहून ठेव की. "मागं लिहिलं तर नाव वाचताना चेहरा दिसत न्हाई रे," ती म्हणाली.

मग अ‍ॅप नव्याने बनवलेलं आलं. दिसायला देखणं, पण नावांची सोय त्यात ठेवलेलीच नव्हती. मी गेलो तेव्हा आक्का पडद्यासमोर मुठी आवळून बसली होती.

"मानसं हायेत, नावं गेली," ती हळूच म्हणाली. "बाळू, संगनकाचं गेलं का माझं? खरं सांग."

संगणकाचंच, मी शपथ घेऊन सांगितलं. तिला ते पटलं नाही. भाच्याने जुनं अ‍ॅप परत आणायचा खूप खटाटोप केला, पण नावं काही आली नाहीत. तिने संगणकावर कापड टाकलं. दाराची बेल वाजली की ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. शेवटी आम्ही सगळेच उंबऱ्यातून नाव सांगत आत येऊ लागलो. "आक्का, मी बाळू," असं मला सख्ख्या बहिणीला सांगावं लागलं. "ठाव हाय," ती म्हणायची, आणि मी तिच्या डोळ्यांत बघायचो, खरंच ठाऊक आहे का...

हार घालायला फोटो शोधताना एक सापडला. तरुण आक्का स्टुडिओच्या दारात, खांद्यावर हात टाकून तिच्याच वयाची एक बाई, दोघी खळखळून हसतायत.

"मामा, ह्या कोण?" मनीषाने विचारलं.

चेहरा ओळखीचा होता. "सांगतो," म्हणालो, आणि तो फोटो उलटा करून पाहिला; मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. ते नाव मला कधी ठाऊकच नव्हतं, की ठाऊक होतं आणि आता गेलं... हे विचारावं तर आक्का नाही.