अण्णांचं ‘बराबर’

वाटूर रस्त्यावर सरळ पट्टा लागला की बबन स्टिअरिंग सोडून द्यायचा आणि दोन्ही हात जोडून बसायचा, देवळात बसावं तसा. शेजारी गाडीचा मालक जीव मुठीत धरून बसलेला. गाडी आपली आपण डावीकडे सरकायला लागायची, कडेची बाभूळ जवळ यायची, आणि बबन शांतपणे म्हणायचा, “जाऊ द्या साहेब, तिला कुठं जायचंय ते बघून राह्यलो.” मागच्या सीटवर पान्यांची पेटी मांडीवर घेऊन मी बसलेलो असायचो. गाडी बाभळीवर आदळावी असं मला कधी वाटलं नाही. पण एकदा तरी याचा अंदाज चुकावा, असं मात्र दर खेपेला वाटायचं.

परतूरला धान्याच्या मोंढ्याच्या अंगाला आमच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, गॅरेज होतं. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला बबन तिथे कामाला आला. घरची थोडी कोरडवाहू शेती भावाकडे सोडून अंतरवालीकडून आलेला हा गडी पहिल्याच दिवशी पांढराशुभ्र शर्ट घालून हजर झाला. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत शर्टाची आणि त्याची, दोघांचीही जिरेल. पण संध्याकाळी शर्ट तसाच! कारण हा गाडीखाली शिरतच नव्हता. गाडी चालवून यायचा, चाकांभोवती एक फेरी मारायचा आणि दोष सांगून चहा मागवायचा. खाली शिरायला मी होतोच. मालकाचा पोरगा कोण, हे नव्या गिऱ्हाइकाला आमच्या कपड्यांवरून कधीच कळलं नाही.

एवढंही मी सोसलं असतं, पण अण्णा. अण्णांकडे कौतुकाचा एकच शब्द होता, ‘बराबर’. बबनने दोष सांगितला की ते मान हलवून “बराबर” म्हणायचे. मी सांगितला की “बघू” म्हणायचे. माझा दोष खरा निघाला तरी ‘बघू’चं ‘बराबर’ कधी व्हायचं नाही. तेवढा एक शब्द मला अण्णांच्या तोंडून हवा होता. दुसरं काही मी त्या गॅरेजात मागितलं नाही.

आणि बबनला बोलायला तर सरस्वतीच प्रसन्न! एका गुरुजींची अँबेसेडर डावीकडे ओढायची. मी तिच्याखाली दोन दिवस लोळून स्टिअरिंगचे सांधे बदलले होते. बबनने ती रस्त्याच्या बरोबर मधून चालवली. मला म्हणाला, “रस्ता मधी उंच आन् कडंला उतरता असतो. कडंनं चालवली तर कोणतीबी गाडी डावीकडंच जाणार. आधी रस्त्याचा दोष काढून टाक, मंग गाडीला बोल.” परत आल्यावर त्याने चारही चाकांजवळ तळवा नेला, ताप बघतात तसा. डावं पुढचं चाक भाजत होतं. “ब्रेक धरून राह्यलाय, उस्ताद.” अण्णा म्हणाले, “बराबर.” मी हात धुवायला गेलो आणि बराच वेळ धूत बसलो.

एकदा जांबच्या जत्रेत फेऱ्या मारून एक काळी-पिवळी जीप आली. तीही डावीकडे ओढणारी. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की सीटवर मावतील तेवढीच माणसं घेतो. बबन जीपच्या मागे जाऊन उकिडवा बसला. “मंग ही डाव्या पायानं लंगडी कशानं झाली? लटकणारी माणसं समदी डावीकडूनच लटकत्यात ना?” ड्रायव्हर ओशाळून हसला. खरंच, डाव्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे दबून गेले होते. “गाडी खोटं बोलत न्हाई,” बबन म्हणाला, “मालक बोलतो.” लोक हसले, अण्णाही हसले. घरी अण्णांनी ते आईला सांगितलं, आणि आईने विचारलं काय, तर “बबनला भाकर बांधून दिली का?”

असं दहा-अकरा वर्षं चाललं. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी ते गॅरेजात खाट टाकून पडून राहायचे. त्यांना माणसं आवाजावरूनच कळायची.

त्या दिवसांत एका जिनिंगवाल्याची अँबेसेडर आली. ही उजवीकडे ओढायची. बबन हात जोडून एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “टायर.” पुढचे टायर डावे-उजवे अदलाबदल केले, ओढ तिथेच. “ब्रेक.” ब्रेक थंडगार. हवा बघितली, सगळं बघितलं. बबन पहिल्यांदाच चहा न मागवता बसला, आणि मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी मोटारसायकल काढली. “तू गाडी घेऊन पुढं हो,” मी त्याला म्हटलं. मागून पाहिलं तर गाडी कुत्रं पळतं तशी तिरकी चालली होती. परत आल्यावर मी उजव्या बाजूच्या दोन चाकांमधलं अंतर सुतळीने मोजलं. तीच सुतळी डाव्या बाजूला दोन बोटं कमी पडली. मी मागून खाली शिरलो. अ‍ॅक्सलला जागेवर धरणारा डाव्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अख्खा अ‍ॅक्सल त्या बाजूने मागे सरकला होता. सगळे पुढच्या चाकांच्या मागे, आणि दोष मागच्या चाकात!

“अण्णा, मागचा अ‍ॅक्सल सरकलाय!” मी खालूनच ओरडलो.

“बराबर, बबन,” अण्णा म्हणाले.

गाडीखालून आवाज कसा गेला असेल कोण जाणे. बबन खाटेजवळच उभा होता. तो म्हणाला, “उस्ताद, मी न्हाई. किसन बोलला.”

अण्णा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, “मंग एकदा बघून घे रे, बबन.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात पांढरा शर्ट सरपटत माझ्या शेजारी आला. बबनने बोल्टवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, “माझ्या डोक्यातबी न्हाई आल्तं लेका.” तो बाहेर निघाला तेव्हा त्याची पाठ काळी झाली होती. “बराबर हाय, उस्ताद. किसननं बराबर धरलं.”

“बराबर,” अण्णा म्हणाले.

पुढच्या वर्षी अण्णा गेले. बबनने अंबडला स्वतःचं गॅरेज टाकायचं ठरवलं. त्याला सोडायला मी स्टँडवर गेलो आणि इतके दिवस गिळून ठेवलेलं विचारलं, “त्या दिवशी अण्णा बराबर कुणाला म्हणाले? मला, का तुला?”

“तुलाच की येड्या,” तो म्हणाला. “माझं तर समदं चुकल्तं.” आणि एसटीत चढला. खिडकीत बसल्यावर शर्टाची कॉलर नीट केली.

गेल्या उन्हाळ्यात बबनही गेला. अंबडला मातीला माणसं मावत नव्हती. माझ्या मातीला एवढी येतील का, हे मी तिथे उभ्या उभ्या मोजत होतो, म्हणजे बघा. ते ‘बराबर’ माझं होतं याला आता साक्षीदार उरला नाही. बबन तसं म्हणाला होता, म्हणून मी ते खरं मानतो. अण्णाही तेच करायचे.