मराशचं तिसरं फूल

चहा बशीत ओतायची आणि विसरून जायची. लोकर घेण्याआधी गालाला लावून बघायची. वडीगोद्रीच्या थांब्यावर उभ्यानंच विणायची. बस आली तरी ओळ पुरी झाल्याशिवाय चढायची नाही. बोलता बोलता गप्प व्हायची, टाके मोजायची आणि राहिलेल्या शब्दापासून पुढे बोलायची.

बेबीनंदाआत्या. आख्ख्या आळीची आत्या, सख्खी मात्र अक्षताची. अक्षता आर्मेनियात डॉक्टरकी शिकते. मी एम.ए. होऊन घरी बसलेली. दुपारी आत्याच्या ओट्यावर ती विणायची, मी वाचायची. आमच्यात तीस वर्षांचं अंतर होतं, ते कधी जाणवलं नाही.

अक्षताने एकदा तिकडच्या घरमालकिणीच्या उशीचा फोटो पाठवला. निळ्या कापडावर लाल फुलं. मराश नावाच्या गावाचं भरतकाम. मालकिणीच्या आजीला ते गाव सोडावं लागलं होतं. आधी धाग्याच्या फुल्या घालायच्या. मग दुसरा धागा एका फुलीवरून, पुढच्या फुलीखालून न्यायचा. या वेळी सुई कापडाला लागू द्यायची नाही. आत्या आठवडाभर तो फोटो बघत राहिली.

"काल सपनात बर्फ पडला," एकदा म्हणाली. "मोसंबीच्या बागेत. आवाज बिलकुल न्हाई."

सुट्टीला आलेल्या अक्षतासाठी तिने निळा स्वेटर विणला. गळ्याभोवती मराशची तीन फुलं. अक्षताने तो घालून मालकिणीसमोर उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं. भरून झाल्यावर तिने तो आधी मला घालायला लावला. माझं डोकं गळ्यात अडकलं.

"तुझं डोकंच मोठं हाय, तृप्ते. दोन डिग्र्या भरल्यात त्याच्यात."

"मंग अक्षताचं कसं जाईल?"

आतून सगळं निळं दिसत होतं. मला बाहेर यावंसं वाटेना.

आत्याने स्वेटर माझ्या डोक्यावरून ओढून काढला. लोकर ताणते, भरतकाम ताणत नाही. तिने कापडावरच्यासारखा धागा घट्ट ओढला होता. तिन्ही फुलं उसवली. पिठाचा डबा परातीत रिकामा केला, पुसला, स्वेटरचा गळा त्यावर ताणून बसवला. पुन्हा पहिल्या फुलीपासून.

अक्षता जायला नऊ दिवस होते.

"आत्या, एकच फूल कर ना."

"त्या बाईच्या उशीवर तीन हायेत. एक बघून काय म्हनंल ती?"

मंगळवारी सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेल्ती.

शनिवारी विमानतळाची गाडी आली. डबा खिडकीत होता.

"तू कर पुरं," अक्षता म्हणाली.

मी सुई धरली. पुढची फुली वरून घ्यायची, हे मला माहीत होतं. हात उचलला नाही.

अक्षताने सुईतला धागा ओढून काढला. स्वेटर डब्यावरून उतरवला आणि त्या उकाड्यात अंगात घातला. डोकं सहज गेलं. दोन फुलं पुरी होती. तिसऱ्याचा धागा चौथ्या फुलीखालून बाहेर आला होता. पाचवीवरून जायचा राहिला होता.