सासरवाडीचा शाडू आणि निचऱ्याची परीक्षा

पावसाचं पाणी उताराकडे वाहतं, याचं माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. ते दर तीन वर्षांनी नव्याने काढावं लागतं. (मधल्या काळात पाण्याने विचार बदलला असेल तर?)

रोह्याजवळ रंगांची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत मी 'पावसाळी पाणी निचरा ऑपरेटर' आहे. पाऊस पडला की आवारातलं पाणी गटारांतून नीट बाहेर काढायचं, गाळ उपसायचा, आणि कंपनीतलं काही भलतंसलतं त्या पाण्याबरोबर नदीला जाणार नाही हे बघायचं. हे पद मला मिळालं ते रेनकोटच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची म्हणून! प्रशिक्षणाला एक माणूस पाठवा असा वरून निरोप आला, तेव्हा साहेब म्हणाले, "पावसाचं सगळं सदाच बघतो ना? पाठवा त्यालाच." मी गेलो, तिथलं जेवण बरं होतं, आणि परत आलो तो प्रमाणित होऊन. वरसे गावात आमच्या शेजारणी तेव्हापासून माझ्या बायकोला विचारतात, "मंगल, उद्या पापड वाळत घालू का गो? तुझ्या मिस्टरांना विचार की." मंगल मला न विचारताच "घाल" म्हणून सांगते. पापड भिजले की शिव्या मात्र मला.

यंदा एप्रिलात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"सदा, तुझ्या प्रमाणपत्राची मुदत संपतेय. पावसाळ्याआधी नवं आण. नाही आणलंस तर निचऱ्यावर दुसरा माणूस घ्यावा लागेल, आणि तुला पॅकिंगला टाकावं लागेल."

पॅकिंग! पॅकिंगचा माणूस संध्याकाळी घरी जातो तो त्या दिवशीच्या मालाच्या रंगात. एकाची मुलगी दार उघडून आत ओरडते, "आई, आज पप्पा जांभळे!" मला तर नाकाशी चिमूटभर बुक्का आला तरी शिंका सुटतात. तिथे मी आठवडाभरही टिकलो नसतो, आणि जांभळ्या अंगाने टिकण्याची इच्छाही नव्हती.

लगेच दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी पेणच्या केंद्रात गेलो, कारण पहिलं प्रमाणपत्र मला तिथून मिळालं होतं. खिडकीतला माणूस म्हणाला, "तुम्ही नोकरी रोह्याला करताय ना? मग रोह्याचं केंद्र." रोह्याच्या केंद्रात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "मूळ प्रमाणपत्र पेणचं आहे, नूतनीकरणही पेणलाच." पुन्हा पेण. पेणवाला म्हणाला, "रोह्याने तसं लिहून दिलं तर करू." रोहा म्हणालं, "पेणने मागितलं तर देऊ!" कधी गाडीने, कधी एसटीने मी नुसता वरखाली करत होतो. वाटेत गडब गावाला हायवेवर एसटी थांबायची, तिथल्या चहावाल्याला माझं तोंड पाठ झालं.

"काय काका, जाताव की येताव?" त्याने एकदा विचारलं.

"मलाच कळेनासं झालंय रे," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं. त्या दिवशी चहा पिऊन मी उलट्या दिशेच्या एसटीत बसलो आणि नागोठण्याला जाऊन जागा झालो.

शेवटी दोन्ही केंद्रांनी मिळून एक मॅडम ठरवल्या. त्या येऊन माझी प्रत्यक्ष परीक्षा घेणार होत्या. अट एकच होती. परीक्षा स्वतःच्या कंपनीत द्यायची नाही (तिथे सगळे आधीच झाडून-पुसून ठेवतात), तर बाहेरच्या एखाद्या छोट्या उद्योगाच्या जागेत पाण्याचा निचरा करून दाखवायचा. आता मला कोण आपल्या जागेत पाणी सोडू देणार?

"दादाचा गणपतीचा कारखाना हाय की पेणला!" मंगल म्हणाली. "एवढं मोठं अंगण, त्यात गटार हाय, पाण्याची टाकी हाय. घरचंच काम!"

तिचा दादा म्हणजे माझा मेहुणा दिलीप. तो आणि सुलभावहिनी वर्षभर शाडूच्या मूर्ती करतात. दिलीपला फोन केला तर तो खूशच झाला. "या की भावोजी! आमच्या गटाराला पण कोणीतरी शिकलेला माणूस बघायला पायजेलच होता."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी आणि मंगल पेणला मुक्कामाला गेलो. अंगणातलं गटार शेडपासून निघून कुंपणाच्या भिंतीपर्यंत जात होतं. तिथे भिंतीतून एक पाइप, आणि पाइपातून पाणी बाहेरच्या रस्त्याच्या गटारात. सोपं काम! पण गटाराच्या तळाशी चांगला वीतभर गाळ साचलेला. आता प्रशिक्षणात मला एवढी एकच गोष्ट नीट समजली होती, की ऑपरेटरचं पहिलं कर्तव्य म्हणजे गाळ काढणे. दिलीप आणि वहिनी मंगलला घेऊन बाजारात गेले होते. मी धोतरासारखी लुंगी खोचली, फावडं घेतलं, आणि तो सगळा गाळ उपसून भिंतीपलीकडे भिरकावून दिला. काय मऊ, चिकण गाळ होता! कंपनीत असला गाळ कधी बघितला नव्हता. गटार आरशासारखं झालं. कमरेवर हात ठेवून मी वाट बघत उभा राहिलो, की आता सासरवाडी आली की कौतुक होणार.

बाजारातून परतलेल्या वहिनींच्या हातातली पिशवी खालीच पडली.

"अवो भावोजी! माती कुठं गेली?"

"कसली माती? गाळ होता. काढला."

"गाळ?" वहिनींचा आवाज चढला. "शाडू हाय तो! हात धुतलेलं पाणी, भांडी धुतलेलं पाणी, मोडक्या मूर्ती भिजवलेलं पाणी, समदं त्या गटारात सोडतो आम्ही. माती खाली बसते, ती काढून परत मळतो. एक कण बाहेर जाऊ देत नाय आम्ही, आणि तुम्ही फावड्यानं फेकलात?"

"पण मग बाहेर पाणी कसं..." मी तोंड उघडलं.

"तुम्ही गप बसा आता," मंगल म्हणाली.

पुढचा तासभर आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला बसून माती गोळा करत होतो. जाणारा येणारा विचारायचा, "काय हरवलं काय?" दिलीप बिचारा सगळ्यांना सांगत होता, "नाय, आमचे भावोजी ऑपरेटर हायत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोळा केलेली माती वहिनींनी गटारात परत ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमना आणायला पेण स्टेशनवर गेलो, तेव्हा मागे वहिनींनी काय केलं हे मला नंतर कळलं. परीक्षेत भावोजी पाणी सोडणार, म्हणजे आपली माती पाइपातून वाहून जाणार, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी एका पोत्यात घट्ट मळलेला शाडू भरला, आणि तो बोळा काठीने ढोसून ढोसून पाइपात असा आतवर बसवला, की बाहेरून बघणाऱ्याला काही दिसू नये! आणि मग त्या निश्चिंत मनाने पोहे करायला गेल्या.

मॅडम तरुण होत्या, बुटात होत्या, आणि हसत नव्हत्या. शेडमध्ये शिरून त्या थबकल्या. मांडण्या भरल्या होत्या, म्हणून परदेशी जाणाऱ्या कच्च्या मूर्ती दिलीपने खाली जमिनीवर फळ्या टाकून वाळत ठेवल्या होत्या. सगळीकडे गणपतीच गणपती.

"हा माल पाण्याजवळ आहे," मॅडम म्हणाल्या.

"पाणी इकडे येणारच नाही मॅडम," मी म्हणालो. "उतार तिकडे आहे."

"छान. मग जोराचा पाऊस पडतोय असं धरा. टाकी पूर्ण सोडा."

दिलीपने टाकीचा कॉक उघडला. पाणी धो धो करत गटारात आलं आणि ऐटीत भिंतीकडे निघालं. मी हात मागे बांधून सांगू लागलो, "बघा मॅडम, पाण्याला नुसती दिशा दिली की ते आपोआप..." इथपर्यंत आलो आणि पाणी थांबलं. गटार काठोकाठ भरलं. मग पाणी हळूहळू वळलं आणि आमच्याकडे यायला लागलं!

"ते मागे का येतंय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ते..." मला खरंच कळेना. प्रमाणपत्रात असं कुठेच नव्हतं! "बहुतेक भरती असेल."

"भरती? टाकीला?"

"दिलीप, कॉक बंद कर!" मी ओरडलो.

"करतोय भावोजी, पण तो नुसता फिरतोय! आटेच गेलेत त्याचे!"

शाडूची कच्ची मूर्ती पाण्याला टेकली की संपली, तिचं तिथल्या तिथे विसर्जन. पाणी पहिल्या फळीपासून हातभर अंतरावर आलं, आणि पोह्यांची ताटली घेऊन वहिनी बाहेर आल्या. त्यांनी पाणी बघितलं, पाइपाकडे बघितलं, आणि ताटली मॅडमच्या हातात कोंबली.

"अगो मंगल! बोळा मीच घातलाय गो पाइपात! भावोजी, काढा तो! मूर्ती उचला, मूर्ती!"

मग काय गोंधळ झाला, विचारू नका. दिलीप, मंगल आणि वहिनी मूर्ती उचलून मांडण्यांवर, टेबलावर, खिडकीत, जिथे जागा दिसेल तिथे ठेवत सुटले. जागा संपली. मंगलने मॅडमच्या हातातली ताटली काढून घेतली, गणपती दिला आणि म्हणाली, "मॅडम, धरा! स्टुलावर चढा!" मॅडम चढल्या. पुढचा सगळा वेळ त्या दोन्ही हातांनी बाप्पाला छातीशी धरून स्टुलावर उभ्या होत्या, आणि पेन त्यांच्या दातात होतं.

इकडे मी गटारात पालथा पडून पाइपात खांद्यापर्यंत हात घातला होता. बोळा हाताला लागत होता, निघत नव्हता. पॅकिंगचं खातं डोळ्यांसमोर आलं, जांभळे पप्पा आठवले, आणि मी देवाचं नाव घेऊन पोत्याला असा हिसका दिला, की पोतं फाटलं! बोळा सुटला, पाणी सुटलं, मी मागच्या मागे गटारात आडवा झालो, आणि तो सगळा शाडू माझ्या अंगावर आला. पाणी घळघळ करत भिंतीपलीकडे गेलं. मूर्ती वाचल्या. एकही भिजली नाही.

मी उभा राहिलो. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी, नुसते डोळे उघडे. पुसायला फडकं शोधू लागलो, तर वहिनी धावत आल्या.

"हलू नका भावोजी! आंघोळ करू नका! माती हाय ती!"

आणि हातात पत्र्याचा तुकडा घेऊन त्यांनी मला अंगणात उभा करून खरवडायला सुरुवात केली. पाठ, मान, कानांच्या पाळ्या! "हात वर करा. हां. आता वळा." दिलीप खाली घमेलं धरून उभा होता. मंगल बघत होती ती नुसती हसून हसून बेजार. माझं लग्न झालं तेव्हा हळदीला सुद्धा या लोकांनी माझ्याकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं.

मॅडम स्टुलावरून उतरल्या. त्यांनी मूर्ती वहिनींकडे दिली, पेन दातातून काढलं, आणि लिहू लागल्या. मी अर्धा खरवडलेला तसाच उभा. आयुष्यात एवढी भीती मला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती.

"मॅडम," मंगलने धीर करून विचारलं, "यांचं होईल ना हो? नाहीतर हे जांभळे होतील."

मॅडमना त्यातलं काही कळलं नसावं. त्या म्हणाल्या, "निचऱ्यात शून्य देतेय."

मी मान खाली घातली. (वहिनी म्हणाल्या, "तशीच ठेवा, मानेवरची राहिलीय.")

"पण आपत्कालीन कारवाईत पूर्ण मार्क. अडथळा स्वतः काढलात, माल सगळा सुरक्षित हलवलात. पूर आला तर काय कराल, हे बाकीचे उमेदवार नुसतं तोंडाने सांगतात. तुम्ही पूर आणून दाखवलात. सरासरी काढली की काठावर पास होताय."

मी आनंदाने मॅडमच्या पाया पडणार होतो, पण वहिनींनी हलू दिलं नाही.

तर असा मी पुढच्या तीन वर्षांसाठी पुन्हा प्रमाणित झालो. साहेब खूश, पॅकिंग टळलं. सध्या आभाळ भरून आलं की दिलीपचा पेणहून न चुकता फोन येतो.

"भावोजी, कुठं हाव?"

"रोह्याला, ड्युटीवर. का रे? तुमच्याकडे जोर आहे का पावसाचा? येऊ मदतीला?"

"नाय, नाय, नाय! रोह्यालाच हाव ना? एवढंच इचारायचं व्हतं." आणि मग फोन बाजूला धरून तो ओरडतो, ते मला स्पष्ट ऐकू येतं, "सुलभा, काळजी करू नको गो! तिकडंच हायत! मूर्ती खालीच ऱ्हाऊ देत!"

प्रमाणपत्रावर शिक्का मारून लिहिलंय, 'संपूर्ण जिल्ह्यात वैध.' सासरवाडीचं अंगण तेवढं त्यांनी जिल्ह्याबाहेर काढलंय!