डॉक्टरबाईंचे दोन दिवस

शर्वाणीबाई डुकरांच्या कुंपणात पाऊल टाकण्याआधी जंतुनाशकाच्या बादलीत बूट बुडवून उभ्या राहत, आणि तिथूनच त्या घरच्या माणसांशी निवांत गप्पा मारत. बादलीत उभी राहून नातवंडांची चौकशी करणारी दुसरी डॉक्टर मी पाहिलेली नाही. "हात सगळे धुतत," म्हणायच्या, "बूट कोण धुता?" पेडण्यात पंधरा वर्षं मी त्यांचा मदतनीस होतो. त्यांचा धाक होताच, पण माझ्यावर जीवही तेवढाच होता. आता त्या निवृत्त होऊन कारापूरला राहतात.

एवढ्या काटेकोर बाई एकदाच चुकल्या, तेही मायेपोटी.

कोरगावच्या रोझामायची डुकरीण तापाने पडली होती. तिचे कान निळसर झालेले पाहून बाईंचा चेहरा उतरला. आफ्रिकन स्वाइन फिव्हरच असावा, डुकरांत झपाट्याने पसरणारा जीवघेणा ताप. आमच्याकडे नर डुक्कर कुणा एकाकडे असतो आणि तो माद्यांसाठी गावोगाव पाठवला जातो. इब्रामपूरच्या सांतानचा नर रोझामायकडून आदल्याच दिवशी परत गेला होता. सांतानला तेव्हाच फोन करायला हवा होता. पण रोझामायने बाईंचा हात धरला. "बाय, आयतारा नातीचें लग्न आसा. दोन दीस राव गे."

खबर फुटली तर मांडवात कोण येणार? बाई म्हणाल्या, "रक्ताच्या नमुन्याचा निकाल येऊ दे, मगे बघूया."

निकाल दोन दिवसांनी आला, संशय खरा ठरला. तोवर तो नर सांतानच्या माद्यांतच हिंडत होता. पुढच्या आठवड्यात त्याचं कुंपण रिकामं झालं.

बाई स्वतः इब्रामपूरला गेल्या. मी बरोबर होतो. सांतान दारातच उभा होता. "माझी दुकरां इतक्या बेगीन कशी मेली, डॉक्टरीणबाय?"

"अंगात रोग शिरलो की पेशी शेजारच्या पेशींका सावध करतत," बाई म्हणाल्या. "ह्या विषाणूची काय जनुकां ती खूणच दाबून टाकतत. शरीराक समाजता तोपर्यंत उशीर झालेलो आसता. प्रयोगशाळेत ती जनुकां काढून लस करूचा काम चालू आसा." त्या थांबल्या. "पण तुका सावध करूचा काम माझा होता, सांतान. माका संशय होतो. दोन दीस मी गप्प रवलंय."

सांतानचा चेहरा लाल झाला. "कोणे सांगलें गप्प रावूंक?"

"कोणी नाय. माझाच चुकला."

त्यांनी रोझामायचं नाव घेतलं नाही, लग्नाचंही नाही. मला लाज वाटली, कारण त्यांनी माझंही नाव घेतलं नव्हतं. कोरगावला मीही होतो आणि फोन माझ्याही खिशात होता. मी पुढे झालो.

"सांतानबाब, माका पण खबर होती."

सांतान बसा म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. मग पायांत चपला सरकवून तो आमच्या पुढे चालू लागला आणि वाडीत कुणाकुणाकडे डुकरं आहेत, ती घरं त्याने एकेक करून दाखवली. "हांकां तरी वेळार सांगात," म्हणाला.