हबीबाचं अंगण आणि कांडीचं सूत

तुमच्या घरात हात-तोंड धुतलेलं पाणी जातं कुठं, कधी वाकून बघितलंय? नाही ना? मग टँकरवाल्याच्या नावानं शंख करायचा तुम्हाला काही अधिकार नाही. राग आला तर येऊ दे. मी भिवंडीत पाण्यासाठी मोर्चे काढलेत, मला गोड बोलायची सवय नाही.

पण आज भांडायचं नाहीये. आमच्या मागच्या गल्लीतल्या हबीबाचं अंगण वाचलं, ते सांगायचंय. अजून आठवलं की हायसं वाटतं.

चार खाटा मावतील एवढंसं अंगण. त्यात शेवगा, लिंबू, कडीपत्ता, मोगरा. नवरा अब्दुर्रहमान जन्मभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबला, आता गुडघे गेले म्हणून घरी. मुलगा यहया टेम्पो चालवतो. उन्हाळ्यात नळ दिवसाआड झाला आणि त्यानं जाहीर केलं, "अम्मी, टँकरचं पाणी झाडांना देणार नाही. सुकली की लादी टाकतो. टेम्पो तरी उभा राहील."

"आणि नाही सुकली तर?"

"तर टेम्पो रस्त्यावर. बस?"

हबीबा हट्टाला पेटली. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे, म्हणजे वजू. घरातली सगळी माणसं, दिवसातून पाच वेळा, आणि त्यात साबण नाही. एवढं चांगलं पाणी मोरीतून सरळ गटारात! तिनं वजूची चौकी उचलून अंगणात मांडली. खाली खडी पसरली, तिथून भोकं पाडलेला पाइप झाडांच्या आळ्यांत नेला. नळ बंद, हातात लोटा.

अब्दुर्रहमान तडकला. "मला झाडांत बसवतेस? मी काय बुजगावणं हाय?"

"बुजगावणं गप असतं," हबीबा म्हणाली.

पाणी आळ्यांत पोचायला लागलं. पण दुपारच्या उन्हात माती कोरडी ठक्क. माती झाकायला तिनं लूमच्या कारखान्यातून टाकाऊ सुताची पोती आणली आणि जाड थर घातला. आठवड्याभरात आंबूस वास, मुंग्या, वर उंदीर. शेजारीण भिंतीवरून ओरडली, यहयानं लादीवाल्याला बोलावलं.

मी धावत गेले. "हात लावून दाखव एका झाडाला!" माझा आवाज नाक्यापर्यंत गेला असेल.

"मावशी, उंदीर तुमच्या घरी पाठवू?" यहया म्हणाला. पोरगं चुकत नव्हतं.

तेवढ्यात चौकीवर बसलेल्या अब्दुर्रहमाननं मूठभर सूत उचललं, चोळलं, हुंगलं आणि हसत सुटला. "अगं बाई, हे ताण्याचं सूत! लूमवाल्याची बायको ना तू?"

ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. लूमवर तुटू नयेत म्हणून त्यांना पिठाची कांजी देतात. हबीबानं उंदरांना जेवणच वाढलं होतं! आडव्या धाग्याला, बाण्याला, कांजी नसते. तो धागा कांडीवर गुंडाळलेला असतो आणि कांडी संपताना थोडा शिल्लक राहतो.

"कांडीचं सूत आण," अब्दुर्रहमान यहयाला म्हणाला. "निव्वळ कॉटनचं. आणि लादीवाल्याला सांग, पंधरा दिवस थांब."

"अब्बा, तुम्ही पण?"

"मला सावलीत बसायची सवय लागलीय."

यहयानं चरफडत पोती आणली. जुना थर निघाला, नवा पडला. उंदीर गेले, वास गेला. पंधरवड्यानं लादीवाला फावडं घेऊन हजर. हबीबा दारात उभी. यहयानं स्वतः वाकून सूत बाजूला केलं आणि मातीत बोटं खुपसली. गार, ओलसर. लिंबाला कळ्या धरल्या होत्या.

त्यानं सूत परत सारखं पसरलं. मग लादीवाल्याला म्हणाला, "चहा घेऊन जा."

हबीबा पायरीवर बसली. "या अल्ला," एवढंच म्हणाली, आणि मलाच चहा टाकायला लावला. मीही टाकला, मुकाट्यानं.

टेम्पो आता रस्त्यावर उभा असतो. यहया रोज कुरकुरतो, पण वजूला बसतो शेवग्याखालीच.

तुमच्याही अंगणात लादी टाकायचं घाटत असेल. टाका, मी अडवत नाही. फक्त भिंतीलगतची दोन हात माती उघडी ठेवा, हात-तोंड धुतलेलं पाणी जिरायला. एवढं माझं ऐका.