सतरा नंबर आणि टेपवरची अकरा वर्षं

जिंतूरपासून थोडं आत आमचं कापसाचं एक लहानसं संशोधन केंद्र आहे. तिथले कम्प्युटर मी सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर जे बिघडेल त्याच्यासमोर मला नेऊन बसवतात आणि मागे चार माणसं उभी राहतात. दुरुस्त झालं तर मशीन चांगलं होतं, नाही झालं तर मॅडमला जमलं नाही. हे आता माझ्या अंगवळणी पडलं आहे. पण त्या दसऱ्याच्या सुमारास जे झालं ते अजून अंगवळणी पडत नाही.

शेतातल्या नोंदी घेणारे आमच्याकडे एक मामा आहेत. माझे सख्खे नव्हेत, सगळ्या केंद्राचेच मामा. देशी कापसाचे एकवीस वाण त्यांनी अकरा वर्षं शेजारी शेजारी लावले. झाडं मोजली, बोंडं मोजली, वेचणी तोलली, सरकी काढून रुई किती निघाली ते लिहिलं. वाणांना अजून नावं नव्हती, नुसते नंबर. त्यातला सतरा नंबर मामांचा लाडका. त्या ओळीशी आले की चाल मंदावायची. आम्ही चिडवायचो, "मामा, जावयाला भेटून आलात का?" ते हसायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचे.

दसरा झाल्यावर दहा दिवसांनी समिती बसणार होती. एकविसांतले पाच वाण मोठ्या चाचणीला पाठवायचे आणि उरलेले बंद करायचे. निवड नोंदींवरून व्हायची. ज्याची नोंद नाही तो वाण बंद, मग तो कितीही चांगला असो. म्हणजे मामांची अकरा वर्षं त्या नोंदींवर उभी होती.

आणि नोंदी कुठे होत्या? माझ्याकडे. मामांच्या वह्या मी तीन उन्हाळे बसून कम्प्युटरवर चढवल्या होत्या. मग एकदा वरून तपासणी येणार म्हणून ऑफिस आवरायला काढलं. मला आवरायला काढलं की मागचापुढचा विचार राहत नाही. कपाटं रिकामी करून रंगवली, जुने कागद रद्दीत घातले आणि त्यात मामांच्या वह्याही घातल्या.

"राहू द्या की ताई एक कपाट," मामा म्हणाले होते. "वह्या काय खायला मागायल्या का?"

"उंदरांना चारायच्या का त्या? सगळं टेपवर आहे मामा. कम्प्युटर जळाला तरी टेप राहते."

मामांनी मान हलवली. मी शिकलेली, त्यात कम्प्युटरवाली. माझ्यापुढे ते काय बोलणार.

टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटची थोरली बहीण. आमच्याकडे कम्प्युटरला जोडलेला एक टेप ड्राइव्ह आहे. दर शनिवारी त्यात टेप घालायची आणि माझ्या आधीच्या ऑपरेटर काकांनी लिहून ठेवलेली एक कमांड चालवायची. मशीन घरघरायचं, दिवा हिरवा व्हायचा, मी टेप काढून डबीत ठेवायचे. चार टेपा आळीपाळीने वापरायचे. एकाही टेपेवरून काही परत वाचून मात्र कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं सुचलंसुद्धा नाही.

नवरात्रात नोंदींच्या कम्प्युटरची, म्हणजे आमच्या सर्व्हरची, हार्ड डिस्क गेली. गेली म्हणजे कायमची. मी घाबरले नाही, उलट जरा ऐटीतच होते. नवीन कम्प्युटर आला, त्यात लिनक्स घातलं, टेप ड्राइव्ह जोडला. खंडेनवमीला सगळ्या अवजारांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घालून, हाताने साधी कमांड टाइप करून नोंदी परत मागितल्या.

मशीन म्हणालं, "कॅनॉट अलोकेट मेमरी." मेमरी देता येत नाही.

मामा दारात उभे होते. "काय म्हणायलंय ताई?"

"मेमरी कमी पडते म्हणतंय."

"मंग वाढवा की."

मलाही तेच पटलं. परभणीला जाऊन मेमरी आणली, कम्प्युटर उघडून बसवली. आता दुप्पट मेमरी. टेप घातली. तीच ओळ, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वाटलं, बसवताना चुकलं. काढून पुन्हा बसवली. पुन्हा तीच ओळ. एवढ्याशा नोंदींना एवढी मेमरी पुरत नाही म्हणजे काय? मामांच्या वह्या दोन पिशव्यांत मावत होत्या.

मग इंटरनेटवर शोधलं. तिथे जो तो दुसऱ्याचं खोडून काढत होता. एकाने लिहिलं होतं, ब्लॉक साइज चुकली आहे, पाचशे बारा करा. ब्लॉक साइज हा काय प्रकार, हे मला नीट कळलं नव्हतं, तरी केली पाचशे बारा. आता मशीन म्हणालं, "इनपुट आउटपुट एरर." मी हादरलेच. आधी निदान मेमरी नाही म्हणत होतं, आता टेपच वाचता येत नाही म्हणतंय! मी काहीतरी करून टेप बिघडवली असणार. दुसरी घातली, तेच. तिसरी, चौथी, तेच. चारही टेपा एका सकाळी कशा बिघडतील? आणि बिघडल्या नाहीत तर मग हे आहे तरी काय? सेटिंग पूर्वीसारखं केलं की मेमरीची एरर यायची, पाचशे बारा केलं की दुसरी. दोन दिवस मी या दोघींमध्ये येरझाऱ्या घातल्या. कोणती खरी म्हणायची तेच कळेना.

साहेब, म्हणजे आमचे केंद्रप्रमुख, येऊन ड्राइव्हकडे वाकून बघून गेले. जाताना हळूच म्हणाले, "मॅडम, कुंकू आत गेलं नसेल ना?"

इतका राग आला मला. पण साहेब गेल्यावर मीच ड्राइव्हच्या फटीत टॉर्च मारून बघत बसले. कडेला लाल चिमूट दिसलीच. झालं, मीच केलं हे, असं मनाने घेतलं. साफ करायची टेप असते ती तीनदा फिरवली. देवाची माफी मागितली. मशीनवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

मामा रोज सकाळी शेतात जाण्याआधी येऊन विचारायचे, "सापडलं का?" आवाजात तक्रार नसायची, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. पाचव्या दिवशी मी खेकसले, "सापडलं की सांगते ना मामा!" ते निघून गेले. मग दिवसभर मला जेवण गेलं नाही.

आधीचे ऑपरेटर काका सोनपेठजवळच्या गावी शेती करतात. त्यांचा फोन लागत नव्हता. सहाव्या दिवशी मी एसटी धरली, परभणीला गाडी बदलून सोनपेठला पोचले. त्या दिवशी बाजार होता, म्हणून म्हटलं आधी तिथेच बघू. काका खरंच भेटले. पोत्यांच्या दुकानापुढे उकिडवे बसून सुतळी निवडत होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, तुमी? अन् बाजारात?"

मी सगळं सांगितलं. मेमरी, पाचशे बारा, कुंकू. कुंकवाला ते हसले आणि मग शेजारची एक वेताची पाटी ओढून पुढ्यात ठेवली.

"हे बघा. टेपवर माल गठ्ठ्यानं लिहितात. एकेक गठ्ठा म्हंजे एकेक ब्लॉक. वाचताना गठ्ठा फोडून अर्धा घेता येत न्हाई. आख्खा घ्यावा लागतो. आता गठ्ठा पोत्याएवढा, अन् तुमी गेलात ही पाटी घेऊन. मशीन म्हणायलंय, ह्यात मावणार न्हाई. तुमी समजलात कम्प्युटरात जागा न्हाई."

"मग पाचशे बारा केल्यावर?"

"ती तर वाटी झाली."

"पण गठ्ठे एवढे मोठे केले कोणी?"

"मीच की. लहान गठ्ठे टाकले की टेप थांबायची, मागं जायची, पुन्हा पळायची. लय कटकट. मोठे केले, सुरळीत चालायली. तुमाला दिली ती कमांड तशीच होती."

ती कमांड मेलेल्या सर्व्हरबरोबरच गेली होती. नवीन कम्प्युटरवर मी साधी टाइप केली होती, नेहमीच्या लहान पाटीची. "मग हे लिहून नाही का ठेवायचं, काका?" मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले.

"लिहिलं होतं की. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं."

जे कपाट मी रंगवलं होतं तेच. कागद खरवडून काढल्याचंही मला आठवलं. मी विषय बदलला.

"किती मोठा गठ्ठा होता, आठवतं?"

"आकडा काय ध्यानात न्हाई बगा. पण आकडा लागतो कशाला? भली मोठी पाटी लावा, एकच गठ्ठा घ्या. किती आलं ते मशीनच सांगतंय." त्यांनी सुतळीच्या दुकानदाराकडून कागद मागून दोन ओळी लिहून दिल्या. एक सेटिंग शून्य करायची, म्हणजे गठ्ठा असेल तेवढा येऊ दे. दुसरी तो एक गठ्ठा उचलून मोजायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घातली, दोन ओळी टाइप केल्या. मशीनने गठ्ठा मोजून सांगितला, दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस. तेवढ्या मापाची पाटी लावून पुन्हा नोंदी मागितल्या. टेप एका लयीत चालू लागली आणि पडद्यावर एकामागून एक फायलींची नावं उतरू लागली. मी खुर्चीतून उठून शेतापर्यंत पळत गेले. मामा बोंडं मोजत होते. "मामा, सापडलं!" म्हणून ओरडले. चाळिशीच्या बाईने असं ओरडू नये, पण मी ओरडले. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. आठवड्यात पहिल्यांदा मला चहाची चव लागली.

मामांना शेजारी बसवून मी एकवीस वाणांचे आकडे दाखवले. अकराच्या अकरा वर्षं, एक रकाना कमी नाही. उत्पादनाप्रमाणे क्रम लावला तर सतरा नंबर मधेच कुठेतरी आला, बारावा की तेरावा. मामा अजिबात चपापले नाहीत.

"ते बरोबर हाय," म्हणाले. "आता शेरा काढा."

"कुठला शेरा?"

"वहीत शेवटी लिहायचो की. दुष्काळाच्या साली पाऊस तीन आठवडे गेला, समद्या वाणांची पाती गळाली, बोंड धरायच्या आधीच कळ्या खाली. सतराची न्हाई गळाली. मर रोग आला त्या साली बी सतरा उभा होता. ते समद्या वर्षांचं लिहिलंय. समितीला तेच दाखवायचंय."

मी फाइल खाली सरकवली, उजवीकडे सरकवली. शेरा नव्हता. म्हटलं, या टेपेवर नसेल, थांबा मामा, दुसरी बघते. दुसरी वाचली. तिसरी वाचली, चौथी वाचली. आता टेपा अगदी शहाण्यासारख्या वाचत होत्या, आणि शेरा कुठेच नव्हता. पुन्हा माझा गोंधळ सुरू झाला. टेपेने तेवढंच खाल्लं का? शेवटचा गठ्ठा राहून गेला का? मला तर मी ते टाइप केल्याचं आठवायलाही लागलं. पेन्सिलीतलं तिरकं अक्षर, 'पाती गळाली न्हाईत', खिडकीतून येणारं ऊन, सगळं. मामांना म्हटलं, उद्या काढून ठेवते. ते बरं म्हणून गेले.

संध्याकाळपर्यंत मी शोधत होते. शेवटी ज्या कोऱ्या तक्त्यात सगळं भरलं होतं तो टेपेवर सापडला. पहिल्या उन्हाळ्यात मीच बनवलेला. वाण, झाडं, बोंडं, वेचणी, रुई. पाच रकाने. सहावा नव्हताच. मग खरं काय ते आठवलं. शेरे लांबलचक होते, तक्त्यात मावत नव्हते, आणि मी मनाशी म्हटलं होतं, हे नंतर बघू. पेन्सिलीतलं अक्षर मी पाहिलं होतं, वाचलंही होतं. टाइप केलं नव्हतं. टेपेने काहीही खाल्लं नव्हतं, मी दिलं तेवढं तिने इमानाने परत केलं होतं.

सकाळी मामांना सांगितलं. फिरवून सांगायची सोय नव्हती. "मामा, शेरा मी कधी चढवलाच नव्हता. तक्त्यात रकाना नव्हता. आणि वह्या मी रद्दीत दिल्या." मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

साहेबांनी मामांना म्हटलं, आठवतं तेवढं सांगा, लिहून घेऊ. मामांनी दुष्काळाचं आणि मर रोगाचं साल सांगितलं, बाकीची सालं त्यांना लागेनात. दोन वर्षांची तोंडी गोष्ट समितीपुढे चालत नाही, असं साहेबच मग म्हणाले. मामा उठले आणि माझ्या टेबलापाशी थांबले.

"रकाना न्हवता तर मला सांगायचं की ताई," ते म्हणाले. "मी पट्टीनं आखून दिला असता."

मग ते वेचणीला गेले. आकड्यांवरून समितीपुढे ठेवायच्या पाच वाणांची यादी मीच टाइप केली. सतरा नंबर तिच्यात नव्हता.