ट्रकची हळद

कापसाने सगळ्यांना रडवलं त्या वर्षांत आमच्याकडे आर्णीला एक जुना ट्रक होता आणि तो पाणी प्यायचा. पाणी पितो, हा शब्द ड्रायव्हरचा. सकाळी रेडिएटर तोंडापर्यंत भरायचा, कापूस घेऊन यवतमाळला जायचं, माल उतरला की पुन्हा दोन कॅन ओतायचे आणि घरी येईपर्यंत तेही गायब. हे पाणी जातं कुठे, असं मी विचारलं की तो म्हशीबद्दल बोलावं तसं सांगायचा, "जुनी गाडी आहे वैनी. पिनारच."

गाडी गळते असं कोणी म्हणत नव्हतं. गळते म्हटलं की कुठून ते शोधावं लागतं. पिते म्हटलं की पाजलं की झालं.

हा ट्रक म्हणजे माझ्या नवऱ्याची वाटणी. नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, यांनी नेरचं घर आणि शेती स्वतःकडे ठेवली आणि धाकट्याला ट्रक दिला, तोही घाटावर एकदा तापून बंद पडल्यानंतर. मी मात्र खूश होते. अकरा वर्षं मी नेरच्या त्या घरात सोळा माणसांच्या पोळ्या लाटल्या होत्या. आर्णीच्या दोन खोल्यांत आल्यावर भाजीत मीठ किती घालायचं हे मी पहिल्यांदा कोणाला न विचारता ठरवलं. ट्रक चालला तर त्या दोन खोल्या चालणार होत्या. ट्रक बसला की मी परत नेरला.

भासऱ्यांचा निरोप आलाच. भंगारवाला पाहून ठेवला आहे, शुक्रवारी घेऊन येतो, गाडी त्याला देऊन टाका आणि इकडे या, खोली रिकामी आहे. खोली रिकामी होती हे खरं. त्यांच्याकडे पोळ्या करणारी बाई महिन्यावर टिकत नाही, हेही खरं होतं. ते निरोपात नव्हतं.

नवऱ्याचा शोध महिन्यापासून चालूच होता. त्याची शोधाची पद्धत अशी, की लिंबाखाली खाट टाकायची, चार जाणकार बोलवायचे आणि चहा सांगायचा. ट्रक समोरच उभा असायचा, नुकताच फिरून आलेला, तापलेला. त्याच्याखाली वाकून पाहायला कोणी तयार नसे; वाकलाच एखादा, तर कपडे झाडत सांगायचा, "कोरडं ठक आहे." एका मेकॅनिकने पाइप बदलले. दुसऱ्याने पाण्याचा पंप काढला, पाहिला, तोच परत बसवला आणि आता बरं वाटेल म्हणाला. कोणाला बरं वाटेल ते सांगितलं नाही.

मग आला नवऱ्याचा मित्र. त्याचं कृषी केंद्र होतं. बोंडअळीवर तो दर हंगामात नवी बाटली द्यायचा आणि दर हंगामात अळी जोमाने वाढायची. पण त्याच्या आत्मविश्वासाला कधी कीड लागली नाही. त्याने ट्रककडे पाहिलं, कपाशीच्या पऱ्हाटीकडे पाहतात तसं, लांबून, आणि औषध सांगितलं. थोड्या वेळाने नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला.

"हळद आहे का घरात?"

"किती?"

"पावशेर."

"गाडीचं लग्न काढलं का?"

"रेडिएटरमधी टाकाची आहे. हळदीनं भोक बुजते."

"भोक सापडलं?"

"सापडाचं काय त्यात? पाणी जाते म्हंजे भोक असनच."

रस्त्यात रेडिएटरला बारीक भोक पडलं की ड्रायव्हर लोक हळद टाकतात, हे मलाही माहीत होतं. गाडी गावापर्यंत येते. पण आधी भोक रेडिएटरला आहे हे तरी माहीत असावं लागतं. मी तसं म्हटलं. मित्र बाहेरून म्हणाला, "वैनी, हे जरा टेक्निकल आहे." त्याने पावशेर सांगितली होती. नवऱ्याने डबाच उचलून नेला, म्हणजे वर्षाची घरी कुटलेली हळद ट्रकने दोन मिनिटांत पिऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, गाडी यवतमाळच्या अर्ध्या वाटेतच वाफा सोडायला लागली. हळदीने भोक बुजलं नव्हतं, रेडिएटरच्या आतल्या बारीक नळ्या मात्र बुजल्या होत्या. ड्रायव्हर कापसासकट परत आला, दर तीन मैलांवर थांबत. आल्यावर त्याने माझ्या दारातला पाण्याचा ड्रम ट्रकमध्ये रिकामा केला. आमच्याकडे नळ तेव्हा चौथ्या दिवशी यायचा. प्यायचा माठ तेवढा वाचला, कारण तो घरात होता.

गुरुवारी सकाळी उठले तर सड्याला पाणी नाही. मी रोज उजाडता अंगणात सडा टाकायची. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्या तोंडासमोरही टाकायचा असं सासूबाईंनी शिकवलेलं, म्हणून चाकांपर्यंत, बंपरच्या खालपर्यंत, चांगलं घसघशीत शिंपडायची. त्या दिवशी नुसताच झाडू घेतला. झाडता झाडता ट्रकच्या पुढच्या चाकामागे पोहोचले, तर जमिनीवर पिवळा डाग. पुरणपोळीएवढा.

रेडिएटर गाडीच्या तोंडाशी असतो. डाग त्याच्या पुष्कळ मागे होता, इंजिनाच्या शेपटाकडे. मी झाडू ठेवला आणि बसले. थोड्या वेळाने एक थेंब पडला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. लुगड्याचा काष्टा मारायची सवय माझ्या आईला होती, मला नाही. मी साडी खोचली, बॅटरी घेतली आणि खताच्या पोत्यावर पडून आत सरकले. इंजिनाच्या काळ्या अंगावरून हळदीचा ओघळ खाली आलेला होता, वरपासून, कोणी बोटाने रेघ ओढावी तसा. गाडी तापली असली की तिथलं पाणी बाहेर येताच वाळून जात होतं. रात्री ती गार झाली की टिपकत होतं. आणि सकाळी, कोणी पुरुष खाटेवरून उठायच्या आत, मी त्यावर सडा टाकून मोकळी होत होते. महिनाभर चार जाणकारांची मी मनातल्या मनात जी टिंगल केली, ती सगळी मागे घेत नाही. पण पुरावा रोज मीच धूत होते, हेही लिहून ठेवते.

नवऱ्याला उठवलं. त्याने डाग पाहिला, ओघळ पाहिला आणि म्हणाला, "आधी रेडिएटर पाहू."

मी त्याला चहा दिला आणि ड्रायव्हरला सांगून नाक्यावरच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. हा लिंबाखालच्या बैठकीला कधी आला नव्हता, कारण त्याला काम असायचं. तो आला तसाच गाडीखाली गेला आणि खालूनच बोलला.

"भाभी, डमी गया."

इंजिनाच्या अंगाला पत्र्याची वाटीसारखी गोल झाकणं ठोकलेली असतात, त्याला ते लोक डमी म्हणतात. वर्षानुवर्षं साधं पाणी भरून एक झाकण आतून गंजलं होतं. नवरा म्हणाला, "मले वाटलंच होतं." झाकणापर्यंत हात पोचायला मेकॅनिकला स्टार्टर काढावा लागला, त्यात दुपार गेली. नवीन झाकण ठोकलं. मग त्याने रेडिएटर खाली करायला घेतला आणि जे बाहेर आलं ते पाहून विचारलं, "इसमें पानी भरते के कढी?" कृषी केंद्रवाला तेव्हा नेमका रस्त्याने चालला होता. तो थांबला नाही.

शेजारून मागून आणलेल्या पाण्याने तीनदा धुतल्यावर स्वच्छ पाणी बाहेर आलं. या वेळी मी साधं पाणी भरू दिलं नाही. गंज न धरणारं, दुकानात मिळणारं हिरवं कूलंट आणायला लावलं. शुक्रवारी उजाडता जमीन पाहिली. कोरडी होती. सहाला ड्रायव्हर त्याच बुधवारच्या कापसासकट यवतमाळला निघाला, आणि जाताना मी त्याला सांगितलं, की मधे कुठेही पाणी टाकायचं नाही. बसली तर बसू दे. आजच कळू दे.

दहाला भासरे भंगारवाल्याला घेऊन आले. भासरे भावजयीशी सरळ बोलत नाहीत, आमच्या घरात तरी नाही. ते नवऱ्याकडे पाहून बोलतात आणि मी दाराआडून नवऱ्याला उत्तर देते. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतं.

"घरात विचार, गाडी कुठं आहे?"

"सांगा, कामावर गेली."

"घरात सांग, ते गाडी अर्ध्यातून वापस येते. थांबतो आम्ही."

थांबले. मी जेवायला वाढलं. भाजीत मीठ माझ्या मनाने घातलं होतं. त्यांनी वरून घेतलं. भंगारवाला दोनपर्यंत बसला. गाडी बसायची वाट पाहण्यात आपला दिवस जातो हे त्याला समजलं आणि तो निघून गेला. भासरे मात्र रस्त्याकडे तोंड करून बसले. चार वाजले, पाच वाजले. नेरची शेवटची एसटी गेली, तीही त्यांच्या देखत.

सहाच्या सुमारास ट्रक आला, रिकामा. वाफ नव्हती, वासही नव्हता. ड्रायव्हर उतरून हातपाय धुवायला गेला, रोजचंच असल्यासारखा. भासरे उठले. झाकणाला हात लावणार, तेवढ्यात तो ओरडला, "गरम हाय जी, चेहरा भाजन." अर्धा तास सगळे झाकणाकडे पाहत बसले. मग त्याने ओलं फडकं टाकून झाकण काढलं. भासऱ्यांनी चष्मा लावून आत पाहिलं. मग बोट घालून पाहिलं.

"घरात विचार," ते नवऱ्याला म्हणाले, "उद्याचा माल कुठला आहे?"

माल नेरच्या बाजूचाच होता. गाडी रिकामी जाणार होती. मी नवऱ्याला म्हटलं, "सांगा, पुढं बसा. मागं सरकी सांडली आहे."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर कापूस भरून परत आला तेव्हा मी विचारलं, वाटेत काही बोलले का. तो म्हणाला, "काही नाही वैनी. दारव्ह्याला एकदा म्हने पानी पाहून घे, अन् लाडखेडच्या पुढं एकदा." दोन्ही वेळा त्याने गाडी थांबवली, गार होऊ दिली, झाकण काढून त्यांना दाखवलं. दोन्ही वेळा भरलेलंच होतं.